डाव्या हाताची सही

दिवाळखोरी आणि कर्जाच्या कायद्यावर मराठीत लिहिणारा आमचा ब्लॉग तीन अभ्यासक चालवतात, असं त्याच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. माझं नाव पानाच्या अगदी तळाशी, 'तांत्रिक साहाय्य' या शब्दांपुढे.

थोरले सर लॉ कॉलेजातून निवृत्त झालेले, राहायला कसबा बावड्यात. मॅडम अजून त्याच कॉलेजात शिकवतात; मी त्यांची विद्यार्थिनी. तिसरे कबनूरचे वकीलसाहेब. बंद पडलेल्या कापड कारखान्यांच्या केसेस लढवून त्यांचा आवाज यंत्रमागाच्या वर चढलेला, तो घरातही खाली येत नाही.

आमचा एक नियम आहे. प्रत्येक लेख लेखकाचं नाव काढून बाकीच्यांना वाचायला द्यायचा, सगळ्यांनी पसंत केला की मग नाव घालायचं. पूर्वी नावासकट वाचायचे. तेव्हा थोरल्या सरांनी मॅडमच्या लेखावर 'उथळ' असा शेरा मारला आणि त्यानंतर बराच काळ दोघं एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलत होते. एकाच खोलीत बसून. तेव्हापासून नावं काढायचं काम माझ्याकडे.

मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणजे माझं मराठी कच्चं, हे तिघांनी न तपासताच मान्य केलेलं. "बाय, 'पंगत' म्हंजे काय ठावं हाय का तुला?" असं वकीलसाहेबांनी एकदा विचारलं. मी हो म्हटलं. तरी त्यांनी समजावून सांगितलंच.

तर त्या पंगतीवरच मी लेख लिहिला. मराठीत. एक गृहस्थ लग्नात जेवायला बसलेत. मित्र जामीनदाराचा कागद घेऊन येतो. उजवा हात बासुंदीत, म्हणून गृहस्थ न वाचताच डाव्या हातानं सही ठोकतात. पुढे मित्राचं दुकान बुडतं आणि पतसंस्थेचा माणूस दारात येतो. वकील सुचवतो, सही जुळत नाही, सरळ नाकारा. गृहस्थ म्हणतात, वाकडी असली तरी माझीच आहे. जामीनदारावर कायदा काय लादतो आणि माणूस स्वतःहून काय अंगावर घेतो, याबद्दल मला लिहायचं होतं. ते गृहस्थ माझे बाबा, हे मी कुठंच लिहिलं नाही. बाबांनाही सांगितलं नाही.

लेख मी इतर लेखांसारखाच बिननावानं पाठवला. पसंत पडला की सांगू, असा विचार. त्या लेखावर मला माझं नाव हवं होतं, पानाच्या वरच्या बाजूला. एवढंच.

लेख तिघांनाही आवडला. तिथंच घोळ झाला. मॅडमना वाटलं तो सरांचा आहे, वकीलसाहेबांना वाटलं मॅडमचा. मॅडमनी सरांना फोन करून भरभरून कौतुक केलं. सर म्हणाले, "असो, असो." कबुली नाही, इन्कार नाही, कोर्टात दाखल करावं असं उत्तर. नावं काढते मी, म्हणजे कुणीतरी उलट मलाच विचारेल, या आशेनं मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, 'नाव कुणाचं घालू?' तिघांनी उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं. शेवटी लेख बिननावाचाच छापला.

मग हातकणंगल्याच्या एका पतसंस्थेचा निरोप आला: जामीनदारांच्या मेळाव्यात या लेखकाचा सत्कार करायचा आहे. थोरल्या सरांनी कोट इस्त्रीला टाकल्याचं मॅडमकडून कळलं.

तोंडानं बोलणं मला जमणार नव्हतं. पण कंपनी दिवाळखोरीत निघाली की जाहीर सूचना काढून सगळ्यांचे दावे पुराव्यासह मागवतात, हे मी या तिघांकडूनच शिकले होते. तशीच सूचना मी ग्रुपवर टाकली. 'सदर लेखाच्या मालकीबाबत दावे रविवारी चहाच्या वेळेपर्यंत पुराव्यासह सादर करावेत. नंतर आलेल्या दाव्यांचा विचार होणार नाही.' पाठवलं आणि फोन उशीखाली ठेवला.

रविवारी बाबांनी मला गाडीवरून सरांच्या बंगल्यावर सोडलं आणि ते फाटकाशी थांबले. आत भडंग आणि चहा मांडलेला.

"सूचना नमुन्याबरहुकूम आहे," सर म्हणाले. "किती दावे आले?"

"एक."

"मी न्हाय केला," वकीलसाहेब म्हणाले. "मॅडम, तुमचा काय?"

"माझा कसा असेल? सरांचा आहे ना तो!"

सरांनी भडंगातला शेंगदाणा निवडून खाल्ला. "मी तसं कधीच म्हटलेलं नाही."

"'नाही' असंही म्हणाला नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"मग कुणाचा गं?" वकीलसाहेबांनी मला विचारलं.

"माझा," मी म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही.

"तुझा?" वकीलसाहेबांचा आवाज फाटकापर्यंत गेला असणार. "मराठीत?"

"पुरावा?" सरांनी विचारलं.

पुरावा फाटकाशी गाडीवर बसून पेपर वाचत होता. मी बाबांना आत बोलावलं आणि लेख त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्याउभ्याच सगळा वाचला. चहावर साय धरली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळून चपलांकडे पाहत होते.

"बासुंदी न्हवती," बाबा शेवटी म्हणाले. "जिलेबी हुती. बाकी सगळं खरं हाय. त्यो येडा मीच."

"सही करून दाखवा की पावणं, डाव्या हातानं," वकीलसाहेब म्हणाले. बाबांनी पेपरच्या कडेला केली. ती इतकी वाकडी आली की वकीलसाहेब टाळी देत म्हणाले, "ह्यो पुरावा कुठलंबी कोर्ट मानंल!"

"मूळ सही कुठं पाहिलीय आपण?" सर म्हणाले. मग भडंगाची वाटी बाजूला सारून, "असो. दावा मंजूर. जिलेबीची दुरुस्ती करून घे."

घरी परतताना बाबा गाडीवर म्हणाले, "मला आधी सांगायचं हुतंस की." पुढच्या वळणावर तेच म्हणाले, "सांगितलं असतंस तर न्हाय म्हणालो असतो, ते बी खरं."

हातकणंगल्याला आम्ही सगळेच गेलो. इस्त्री केलेला कोट वाया जाऊ नये म्हणून सर अध्यक्ष झाले. शाल मला मिळाली. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. नंतर जेवणाच्या पंगतीत कुणीतरी कागद घेऊन त्यांच्याकडे येताना दिसलं, तेव्हा मी इतक्या मोठ्यानं "बाबा!" म्हटलं की वकीलसाहेबसुद्धा दचकले.

तो फक्त जेवण कसं झालं याच्या अभिप्रायाचा कागद होता. बाबांनी तरीही तो आधी नीट वाचला.