दिंडोरीपुढचं धरण आणि शर्यतीचं इंजिन

सहलीला नव्हे, स्वतःची चूक निस्तरायला निघालो होतो. माझ्या ब्लॉगवर लोकांना बोटींची जुनी इंजिनं फोटोवरून ओळखून द्यायचा मला नाद आहे. दिंडोरीपुढच्या धरणावर मासेमारी करणाऱ्या काशिनाथभाऊंनी भंगारातून एक इंजिन उचललं आणि त्याच्या वरच्या टोपणाचा फोटो पाठवला. मी ऐटीत कळवलं, साधं मॉडेल आहे, न्यूट्रलला ठेवून चालू करा.

शनिवारी सकाळी बोटीला लावलेल्या अख्ख्या इंजिनाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, पेट्रोल आणलं की चालू करतो. दोन्ही मॉडेलांचं टोपण सारखंच. फरक खाली असतो. साध्याला गिअरचा दांडा असतो, पाण्यात जाणारा पाय जाडजूड असतो. याचा पाय सडपातळ, दांडा नाहीच. म्हणजे शर्यतीचं. त्याला न्यूट्रल नसतं. चालू करायला दोरी ओढली की पाण्यातला पंखा फिरलाच. आणि फोटोत त्यांची बायको यमुनाताई पंख्याजवळच, बोटीची कड धरून कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या.

भाऊंचा फोन बंद. दोनशेचं पेट्रोल टाकून बाइक काढली. शहराच्या टोकाचं म्हसरूळ सोडलं की रस्ता बरा आहे, पण द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टरमागे अडकायची तयारी ठेवा. वाटेत मिसळ जरूर खा. मी खाल्ली नाही. दिंडोरीत फवारणीच्या ट्रॅक्टरवाल्यावर उगाच खेकसलो. तो म्हणाला, "जाल हो. धरण काय पळून जातंय का?"

शेवटचा कच्चा रस्ता धावतच गेलो. काशिनाथभाऊ बोटीत इंजिनावर वाकलेले, यमुनाताई पाण्यात, पुन्हा तिथेच. ओरडलो, पण वारा उलटा होता. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. तेवढ्यात भाऊंनी मान वर करून काहीतरी म्हटलं आणि यमुनाताई काठाकडे चालू लागल्या.

भाऊंनी बरीच वर्षं फवारणीचे पंप दुरुस्त केलेत. म्हणाले, "कुठलंबी मशीन आधी प्लग काढून हातानं फिरवून बघायचं. चाक फिरवलं तर पंखाबी फिरला. म्हटलं, तू बाहेर हो."

मी सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. यमुनाताईंनी पदर पिळत विचारलं, "नुसतं टोपण बघून सांगितलं व्हय?"

मग त्यांनीच मला भाकरी आणि माशाचं कालवण वाढलं. लाजेने मान खाली घालून दोन भाकरी खाल्ल्या.

घरी आल्यावर ब्लॉगवरची "फोटो पाठवा, मॉडेल सांगतो" ही ओळ काढून टाकली. आता कुणी विचारलं, की आधी मीच विचारतो: चालू करताना मागे कोण उभं असतं?