व्हॉल्व्हची किल्ली

ती घटना आठवण्यासाठी मला वेगळे काही करावे लागत नाही. आमच्या सोसायटीत टाकी धुवायला माणसे आली की ती आपोआप समोर उभी राहते. मला निवृत्त होऊन काही वर्षे झाली. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. लिहिताना अजूनही हात अडखळतो, आणि हे लिहावे की नाही याचाही बरेच दिवस विचार केला. कोणाचे नाव देणार नाही, कंपनीचेही नाही.

तेव्हा मी चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. एका सकाळी एका कंपनीतून फोन आला की पाण्याच्या तलावात माणूस बुडाला आहे. कंपनीच्या आवारात पाणी साठवण्याचा मोठा तलाव होता. तळाशी एका जाड पाइपाचे तोंड होते आणि तिथून पाणी पंपघरात जाई. त्या तोंडाशी गाळ साचला होता. तो काढायला कंत्राटदाराने डायव्हर आणला होता. हा माणूस कोकणातला, एरवी समुद्रात तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मखाली काम करणारा. पावसाळ्यात समुद्रातली कामे थांबतात, तेव्हा असे लोक आपल्याकडची छोटी कामे घेतात.

आम्ही पंचनामा केला, मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवला आणि अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. तलावाची खोली जेमतेम दोन पुरुष. "चक्कर आली असेल," कंपनीचे अधिकारी म्हणाले. तोपर्यंत वेगळे सांगणारे कोणी नव्हते.

मग ठाण्यात एक फोन आला. नाव सांगितले नाही. आवाजावरून कामगार वाटत होता.

"साहेब, तो बुडाला न्हाई. माणूस पाण्यात असताना व्हॉल्व्ह उघडला. आणि ज्यानं उघडला, त्याचं आदल्या दिवशीच कँटीनला त्याच्यासंगं वाजलं होतं."

एवढे बोलून फोन ठेवला. शवविच्छेदनाच्या अहवालात दंडावर आणि खांद्यावर गोल वळ असल्याचे आले. पाइपाने माणूस ओढून धरला होता. डायव्हर खाली असताना पंपघरातला व्हॉल्व्ह उघडला, तलावाचे पाणी जोराने पाइपात शिरले आणि त्याने या माणसाला तोंडाशी चिकटवून टाकले. व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत सगळे संपले होते.

भांडण आणि लगेच मृत्यू. वरून विचारणा सुरू झाली की खुनाचा गुन्हा का दाखल करत नाही. कंपनीने तर पंपघरातल्या ऑपरेटरला स्वतःच गाडीत बसवून ठाण्यात आणून सोडले. तो जवळच्याच गावचा, जुन्या शेतकरी घरातला. त्याचे वडील ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर होते. तो खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता.

"भांडण कशावरून झालं?" मी विचारले.

"त्यो म्हणला, व्हॉल्व्हला कुलूप लाव आन् किल्ली माझ्याकडं दे."

"मग?"

"मी म्हणलं, का? मी काय चोर हाय? इतकी वर्षं व्हॉल्व्ह माझ्या हातात हाय, कुणी कुलूप लावलं न्हाई. माझ्यावर इस्वास न्हाई का?"

"आणि दुसऱ्या दिवशी उघडलास."

"सांगितलं म्हणून उघडला, साहेब. सुपरवायझरनं वॉकीटॉकीवर सांगितलं. माझ्या कानानं ऐकलं. मला वाटलं काम उरकलं. शिफ्टवाले सकाळपासून पाण्यासाठी माझ्या मागं लागले होते."

कंत्राटदाराच्या सुपरवायझरला बोलावले. तोही कोकणातला, पूर्वी बंदरात बोटींना रंग देणारा. तिथे डायव्हरांच्या आसपास वावरला होता, एवढीच त्याची पाण्याशी ओळख. त्या सकाळी तो तलावाच्या काठावर उभा होता. समोरच्या काठावर एक मजूर डायव्हरची दोरी आणि हवेची नळी धरून होता. पंपांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून सुपरवायझर, मजूर आणि पंपघरातला ऑपरेटर अशा तिघांकडे कंपनीने वॉकीटॉकी दिले होते. तिन्ही एकाच चॅनेलवर.

"व्हॉल्व्ह उघडायला सांगितलंस का?"

"नाही साहेब. माणूस खाली असताना कोण सांगेल? मुलांची शपथ घेतो."

मी पुन्हा पुन्हा विचारले. वेगवेगळे बसवून विचारले, समोरासमोर बसवून विचारले. खोटे बोलणारा माणूस सहसा दुसऱ्या वेळी थोडे जास्त सांगतो, पहिल्या वेळी राहिलेली भोके बुजवतो. हे दोघे तेच आणि तेवढेच सांगत होते. आमच्या रायटरने दोघांचे जबाब ठाण्याच्या नेहमीच्या भाषेत उतरवले होते. एकात 'व्हॉल्व्ह उघडण्याबाबत सूचना मिळाली', दुसऱ्यात 'व्हॉल्व्ह उघडण्याबाबत सूचना दिली नाही'. कोण खोटे बोलतो ते ठरवायचे होते. खरे सांगायचे तर माझा संशय ऑपरेटरकडे झुकत चालला होता, कारण भांडण त्याचे झाले होते.

डायव्हरची बायको गावाहून आली होती. ती ठाण्यात फारशी रडली नाही. माझ्यासमोर उभी राहून तिने एवढेच विचारले, "साहेब, मुद्दाम मारलं का ह्यांना?"

"तपास चालू आहे, ताई," मी म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत किती लोकांना ऐकवले असेल. तिला ते पुरणार नाही हे मला दिसत होते. ऑपरेटरची बायकोही त्याच व्हरांड्यात दुसऱ्या टोकाला बसून होती. तिलाही तेच उत्तर हवे होते.

त्या दिवशी दुपारी ठाण्याच्या नळाला पाणी नव्हते. ते नेहमीचेच. आमचे हवालदार मोशीकडचे, तोंडाने मोकळे. बाकावर एका टोकाला ऑपरेटर, दुसऱ्या टोकाला सुपरवायझर, आणि मध्ये उभे राहून हवालदार फोनवर गावच्या पाणीवाल्याला झापत होते.

"काय राव, आज लाईन सोडणार हाय का न्हाई? ठाण्यात आरोपी येत्यात, साक्षीदार येत्यात, फक्त पाणी येत न्हाई. सोड लाईन लवकर, न्हाईतर तुलाच उचलून आणतो."

सुपरवायझरने मान वर केली.

"हवालदारसाहेब, कसली लाईन सोडायला सांगताय?"

"पाण्याची. दुसरी कसली? तुमच्याकडं काय म्हणत्यात?"

"आमच्याकडे पाणी सोडलं म्हणतात. लाईन म्हणजे दोरी हो. डायव्हरची. ती त्याला ताठ झाली की..."

तो थांबला. त्याने ऑपरेटरकडे पाहिले. मी दारात उभा होतो. त्याचा चेहरा बदलताना मी पाहिला, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत तसा चेहरा मी फार वेळा पाहिलेला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "खालून दोरीला ओढ आली. त्याला दोरी पुरत नव्हती. मी त्या मजुराला वॉकीटॉकीवर सांगितलं, लाईन सोड. लवकर सोड."

"मग मी काय येगळं सांगत होतो?" ऑपरेटर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "लाईन सोड म्हणले, मी सोडली. आमच्या बापानं जलमभर हेच केलं."

दोघेही खरे बोलत होते. जबाबाच्या भाषेत तो एक शब्द कुठे उरलाच नव्हता. मजुराला आधी फक्त व्हॉल्व्हबद्दल विचारले होते; आता दोरीबद्दल विचारले, त्यानेही तेच सांगितले. मी सगळे जबाब पुन्हा घेतले, या वेळी ज्याच्या तोंडात जे शब्द होते त्याच शब्दांत.

तरीही प्रश्न सुटला असे मला वाटेना. एका शब्दाने माणूस मरू शकतो, पण तसे होऊ नये याची सोय कोणीतरी आधी करायला हवी होती. म्हणून तज्ज्ञाचे मत घ्यायचे ठरले. समुद्रातल्या कामांवर डायव्हिंग सुपरवायझर राहिलेले एक गृहस्थ आले. स्वभावाने कोरडे. त्यांनी तलाव पाहिला, पंपघर पाहिले, व्हॉल्व्हचे चाक हाताने फिरवून पाहिले.

"याला कुलूप का नव्हतं?" त्यांनी विचारले.

"मागितलं होतं. भांडण झालं," मी सांगितले.

"कोणी मागितलं?"

"डायव्हरनं."

त्यांनी चाकावरचा हात काढला. म्हणाले, "ते त्याचं काम नव्हतं. माणूस पाण्यात जाण्याआधी सुपरवायझर व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावतो. किल्ली स्वतःच्या खिशात. माणूस वर येऊन हेल्मेट काढतो, मगच किल्ली बाहेर. डायव्हरशी बोलायला वेगळी तार असते, त्यावर तिसरा माणूस नसतो. दिलेला हुकूम समोरच्यानं परत म्हणून दाखवायचा. आणि दुसरा डायव्हर कपडे चढवून काठावर तयार बसलेला असतो. हे सगळं शिकल्याशिवाय, परीक्षा दिल्याशिवाय समुद्रावर कोणी सुपरवायझर होत नाही."

"इथे म्हणत होते, हा काय समुद्र आहे का?"

"तिथेच फसतात, इन्स्पेक्टर. खोल पाण्याला सगळे घाबरतात."

मी सुपरवायझरला शेवटचे विचारले, "तुला कोणी काही शिकवलं होतं?"

"गेटवर सेफ्टीचा व्हिडिओ दाखवला, साहेब. आगीचा होता. मग पांढरं हेल्मेट दिलं. पांढरं हेल्मेट म्हणजे सुपरवायझर."

"आणि कुलपाचं भांडण झालं तेव्हा?"

"मी म्हटलं, जाऊ द्या, आपलीच माणसं आहेत. दोघांना चहा पाजला."

खुनाचा संशय निघाला. निष्काळजीपणामुळे मृत्यूचा गुन्हा दाखल झाला, त्यात कंत्राटदार, कंपनीचा जबाबदार अधिकारी आणि सुपरवायझर. ऑपरेटर साक्षीदार झाला. डायव्हरच्या बायकोला मी समोर बसवून सगळे सांगितले. तिने दोनदा विचारून शब्द नीट समजून घेतला.

"म्हणजे मुद्दाम नाही," ती म्हणाली.

"नाही."

"कुलूप मात्र ह्यांनी मागितलं होतं."

"हो."

तिने पदर सारखा केला आणि निघाली. मन हलके झाल्यासारखी दिसली नाही. ऑपरेटरची बायको तिच्या मागे फाटकापर्यंत गेली आणि तिथूनच परत आली.

खटला लांबला. माझी बदली झाली, मग निवृत्ती. साक्षीला मी साध्या कपड्यांत गेलो. सुपरवायझर बाहेरच्या बाकावर एकटाच होता, इतर आरोपींचे वकील आले होते. त्याने मला नमस्कार केला. या प्रकरणाने मला काय शिकवले हे नेमके सांगता येईल की नाही, माहीत नाही. आपल्याकडे कुलूप लावले की समोरच्याला अपमान वाटतो, आणि तो अपमान टाळण्यासाठी आपण चहा पाजतो. पूर्वी मला हा चांगुलपणा वाटायचा.

आता मी मोशीत राहतो. जमिनीखालची टाकी धुवायला माणसे येतात, तेव्हा मी खाली जातो, मोटरचे बटण बंद करून पेटीला माझे कुलूप लावतो आणि टाकीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो. मागच्या वेळी वॉचमन हसत म्हणाला, "काका, आमच्यावर विश्वास नाही का?"

"आहे रे," मी म्हणालो, "पण किल्ली माझ्याकडे राहू दे."

त्याला ते लागले असावे. तो फाटकाकडे गेला. मी त्याला हाक मारली नाही. आतला माणूस वर आला, त्याने डोके पुसले, चप्पल घातली, आणि मग मी उठलो.