केसांत सापडलेला पारा

सोलापुरातली ती घटना अजून डोक्यातून जात नाही. सत्तर ते ऐंशीच्या दरम्यानची. नावं कुणाची लिहीत नाही, त्या घरची माणसं अजून गावात आहेत. मी सातवी पास, शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन बाहेर पडलो. माझ्या लिहिण्यात गोडवा नाही, त्याची माफी मागत नाही.

सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात वळसंगचा एक म्हातारा ठाण्यात येऊन बाकावर बसला. त्याची थोरली बहीण शहरात लेकाकडे राहायची. लेकाचा धंदा झारेकऱ्याचा. म्हणजे सोनारांच्या दुकानांतला केर विकत घ्यायचा, धुवायचा आणि त्यात पारा घोळायचा. पारा सोन्याचे कण धरतो. तो गोळा निखाऱ्यावर ठेवला की पारा उडून जातो आणि सोनं राहतं.

म्हातारा म्हणाला, "साहेब, भैनीचं हात लटालटा कापत्यात, हिरड्या सडल्यात. सून जेवणातनं पारा घालती. भैन सोता सांगती की."

सरकारी दवाखान्यात जाऊन बघितलं. म्हातारीला चहाची बशी धरता येत नव्हती. सुनेचं नाव काढलं की थुंकायची. अंगात पारा गेलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरझडतीत पाऱ्याची बाटली मिळाली, तीही चुलीशेजारच्या फडताळात, मिठाच्या बरणीला लागून. पंचनामा केला. सासूसुनेचं पटत नाही, असे शेजारणींनी जबाब दिले. मी जीप नेली आणि सुनेला अटक केली. पाच महिन्यांची लेक अंगावर पीत होती, तिलाही बरोबर घेतलं. सगळी गल्ली दारादारांत उभी राहून बघत होती.

चौकशीत बाई एकच बोलायची, मी घातलं न्हाय. रडत नव्हती. न रडणारी बाई तेव्हा मला पक्की गुन्हेगार वाटायची. कोर्टाने तिला जेलमध्ये पाठवलं.

मग डॉक्टरांनी केस मागितले. अंगात गेलेला पारा केसात उतरतो, आणि केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. मुळापासून मोजत गेलं तर कोणत्या महिन्यात पारा गेला ते कळतं, असं ते म्हणाले. म्हातारीचे दिले. लेकाचे बोटभर केस, त्यात मागचं काही कळणार नव्हतं. सुनेचे लांब होते. कोर्टाची परवानगी काढून मी कात्री आणि तीन हवालदार घेऊन जेलमध्ये गेलो.

तिने पदर डोक्यावर घट्ट ओढला. "नवरा जित्ता हाय माझा. फासावर द्या, पर केसाला कात्री न्हाय."

नवरा गेला की बाईचे केस उतरवायचे, ही त्यांच्याकडची रीत मला ठाऊक होती. तरी मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. डायरीत लिहून टाकलं, आरोपी तपासात सहकार्य करत नाही.

जेवताना बायकोला हे सांगितलं. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती. म्हणाली, "कात्री घिऊन चार बापय गेलाव. मीबी दिलं नसतं. मग मलाबी आत घातलं असतं व्हय?"

भाकरी मोडता मोडता मी तिलाच विचारलं, उद्या माझ्याबरोबर जेलात येशील का.

तुलनेला बाहेरच्या एखाद्या बाईचे केस डॉक्टरांना हवेच होते. दुसऱ्या दिवशी जेलरची परवानगी घेऊन बायकोला आत नेलं. ती सुनेसमोर मांडी घालून बसली, अंबाडा सोडला आणि जेलमधल्या रखवालदार बाईला म्हणाली, आधी माझं काप. मग माझ्याकडे बोट करून सुनेला म्हणाली, "ह्यो हुबा हाय माझा नवरा, रेड्यावानी. कापल्यावर पडतोय का बघ."

सून हसली. त्या जेलमध्ये पहिल्यांदाच हसली असेल. पदर आपसूक खाली आला. मानेवरची एकेक बट कातडीलगत कापली, मुळाच्या टोकाला दोरा बांधला, वेगवेगळ्या पाकिटांना लाख लावली आणि मुंबईला प्रयोगशाळेत धाडली.

काही आठवड्यांनी अहवाल आला. डॉक्टरांनी मोजपट्टी ठेवून मला समजावलं. माझ्या बायकोच्या केसात म्हणण्यासारखं काही नव्हतं. सुनेच्या केसात मुळाजवळचे दोन महिने पारा, त्यापुढचे पाच महिने जवळजवळ कोरे, त्याच्या पुढे पुन्हा पारा. ते पाच महिने ती बाळंतपणाला दुधनीला माहेरी होती. आणि त्याच पाच महिन्यांत सासूच्या केसातला पारा जराही कमी नव्हता. वाढणारी दुधनीत, ताटात पारा घातला कुणी?

अहवालात बायकोचं नाव नव्हतं, 'तुलनेसाठी एक स्त्री' एवढंच होतं. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. मला तोंडावर चूक सांगणारं घरात कुणी उरलं नाही.

मी पुन्हा त्या घरी गेलो. लेकाला म्हटलं, रोजचं काम माझ्यासमोर कर. त्याने आधी दार लावलं, मग खिडकी. शेजाऱ्यांना सोनं दिसू नये म्हणून बापापासूनची पद्धत. निखारे फुंकायला म्हातारी बसायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. तो म्हणाला, "वास न्हाय, धूर दिसत न्हाय साहेब. मग ह्ये ईख कसं?" झडतीच्या दिवशी मी ह्याच खोलीत उभा होतो. बाटली बघितली, बंद खिडकी बघितली नाही. निखाऱ्यावरून उडालेला पारा त्या कोंडलेल्या घरात सगळ्यांच्या श्वासातून आत जात होता.

लेकाने भट्टी गावाबाहेर उघड्या माळावर नेली. कोर्टात मी अहवाल दाखल केला, सून सुटली. जेलच्या फाटकाशी जीप उभी केली होती. ती बसेना.

"जीप नगं. जाताना गल्लीनं बघितलं, येताना बी बघू द्या. तुमी म्होरं चाला."

भर दुपारी, वर्दीत, मी पुढे आणि ती लेकीला घेऊन मागे. गल्लीत दारादारांत थांबून मी सांगितलं की हिने काही केलेलं नाही, चूक माझी झाली. पहिल्या दाराशी तेच दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्या दारापासून सोपं गेलं. घरी म्हातारी उंबऱ्यात बसली होती. तिने हात पुढे केले. ते अजून कापत होते. सुनेने लेक त्या हातांवर ठेवली आणि खालून स्वतःचे हात तसेच धरून ठेवले.

'नाही' म्हणणारा माणूस गुन्हेगारच असतो असं नाही, हे मी फौजदार झाल्यावर शिकलो. त्याआधी शिकायला हवं होतं. पुढे नोकरीत ज्याला चुकून उचलून आणलं, त्याला त्याच्या दारापर्यंत मी स्वतः पायी सोडायला गेलो. बरोबरचे हसायचे. हसू देत.