सीट पुढे कोणी ओढली

माझी उंची कमी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरून सुरू झालं. कतारला, दोह्यात आमच्या कंपनीच्या गाड्या मी सांभाळतो. कोणती गाडी कोणाला द्यायची, कोणती गॅरेजला पाठवायची, हे माझ्याकडे. गाडी तपासायला बसलो की आधी मला सीट पुढे ओढावी लागते, कारण आमचे सगळे ड्रायव्हर माझ्याहून उंच. त्या सकाळी इंडस्ट्रियल एरियातल्या यार्डात मी पांढऱ्या सेडानमध्ये बसलो आणि पाय सरळ ब्रेकवर टेकला. आरसासुद्धा बरोबर. मी कशालाही हात लावलेला नव्हता.

ती गाडी ज्यांच्याकडे होती ते ड्रायव्हर जालन्याकडचे. पन्नाशीचे, चांगले उंच, आमच्या ऑफिसच्या दारातून वाकून आत येणारे. मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला भाचे. मूड असला की ग्रॅज्युएट भाचे. मला ते आवडायचं. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट, सोलापूरचा बी.कॉम., आणि कोणी विचारलं नाही तरी मी ते सांगतो.

सीट बघायची सवय मात्र वडिलांची. ते पंचायत समितीच्या गाडीवर ड्रायव्हर होते. साहेबांचा मेहुणा गुपचूप गाडी फिरवायचा आणि ओरखडा निघाला की बोलणी वडील खायचे. म्हणून रोज सकाळी दार उघडलं की ते बसायच्या आधी सीट बघायचे. कोण बसून गेलं ते त्यांना कळायचं, पण बोलता यायचं नाही. मला बोलता येतं. एवढा फरक पडला शिक्षणाने.

मामांना विचारलं, तर म्हणाले सीट सैल झाली असेल. आमच्या केरळच्या मेकॅनिकने सीटचा खटका खालीवर करून बघितला. सीट घट्ट होती. तो हसत म्हणाला, "सर, ये तो आपका साइज है. आप ही चलाता है क्या?"

तो गमतीत बोलला, पण मी मनात हिशेब करायला लागलो. कंपनीची गाडी भलत्याने चालवली आणि ठोकली, तर इन्शुरन्सवाले हात वर करतात आणि ड्रायव्हरला घरचं विमान दाखवतात. इथे तर सीट माझ्या मापाची. शिवाय आमचा ऍडमिन मॅनेजर इजिप्तचा, आणि मी माझ्या लोकांना पाठीशी घालतो हा त्याचा जुना समज. काही झालं असतं तर मामांच्या मागोमाग माझाही नंबर होता.

मग मी मामांवर नजर ठेवायला लागलो, आणि नजर ठेवली की दिसायला लागतंच. संध्याकाळची एअरपोर्ट ड्युटी ते नेपाळी ड्रायव्हरला द्यायचे आणि त्याच्या बदल्यात शुक्रवारची सकाळ स्वतः घ्यायचे. शुक्रवारची सुट्टी कोण सोडतं? संध्याकाळी हे चोरून सवाऱ्या मारतात, मी ठरवून टाकलं. ट्रॅकर बघितला तर गाडी संध्याकाळी यार्डातच उभी. तेव्हा मला ट्रॅकरचा संशय आला. काढून ठेवत असतील म्हणून मी वाकून वायरी तपासल्या. त्यात काच. मामा पुढची काच दिवसातून कितीतरी वेळा पुसायचे, स्वतःच्या पैशाने आणलेल्या फडक्याने आणि लिक्विडने. इथे धूळ बसते हे खरं, पण एवढं? एवढं पुसणारा माणूस काहीतरी पुसून टाकत असतो, असं माझं डोकं सांगत होतं.

शेवटी मी खडू आणला. मामांच्या उंचीला सीट जिथे असायला हवी, तिथे सीटखालच्या पट्टीवर बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर सीट खुणेवर. तिसऱ्या दिवशीही खुणेवर, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे त्यांनी खूण बघितली होती. मला ते बोलले नाहीत, मी त्यांना बोललो नाही. चहा मात्र रोज एकत्र प्यायचो. ते म्हणायचे, "भाचे, साखर कमी घ्या, टेबलावर बसून वजन वाढतंय." मी हसायचो आणि मनात म्हणायचो, बघतो तुम्हाला.

एके दिवशी संध्याकाळची अजान झाल्यावर मी मुद्दाम म्हणालो की मला पर्ल बेटावर जायचंय, मामा, तुम्हीच चला. ते गडबडले. नेपाळ्याला न्या म्हणाले. मन्सूरा भागातल्या मेसमधून डबा आणायचाय म्हणाले. येताना आणू, मी म्हणालो. आज काय ते समोर येऊ दे, असं मी ठरवलेलं होतं.

गाडीत बसलो. सीट खुणेवर. मामांनी इंजिन चालू केलं आणि तसेच थांबले. मग खाली हात घालून त्यांनी सीट पुढे ओढली. गुडघे स्टिअरिंगला लागले. त्यांनी आरसा हलवला. माझ्याकडे बघितलं नाही.

इतकं डोळ्यांसमोर होऊनही मला वाटलं, हे नाटक आहे. मला दाखवायला चाललंय.

रस्त्यावर ते लेबर कॅम्पच्या एका बसच्या मागे लागले. ओव्हरटेक करा म्हटलं तर म्हणाले, घाई कामून? बस कॅम्पकडे वळली आणि आमची गाडीही तिच्यामागे वळली. मामा, आपल्याला सरळ जायचं होतं, मी म्हणालो. ते बसच्या मागच्या लाल दिव्यांवरच नजर धरून होते. समोरून गाडीचे दिवे आले की ते तोंड काचेजवळ न्यायचे. कॅम्पच्या गल्लीत एक सायकलवाला कडेने चालला होता, गडद कपड्यांत. मला तो लांबून दिसला. मामांचा पाय ऍक्सिलरेटरवरून हलत नव्हता.

"मामा, सायकल."

ब्रेक लागला. सायकलवाल्याला पत्तासुद्धा लागला नाही, तो गेला निघून. मामांनी गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले.

"दिव्यांची फुलं होतेत," ते म्हणाले. "दिवसा दिसतं. संध्याकाळी समोरून गाडी आली का सगळं पांढरं होतं. यार्डात यायला कधी अंधार झाला का सीट पुढं घेतो, काच जवळ येते. मोतीबिंदू असंल."

"कधीपासून?"

"रमजानच्या आधीपासून."

"मग मला बोलला का नाही?"

"तुम्हाला?" ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तुम्ही खडू लावून बसले होते, भाचे."

मी खाली उतरलो आणि पलीकडून जाऊन त्यांच्या जागी बसलो. सीट हलवावी लागली नाही. पर्ल राहिलं, डबाही राहिला. येताना ते सांगत होते की लायसन्स रिन्यूला आलंय, त्यात डोळे तपासतात, नापास झालो तर खलास. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला हाय, तेवढं वरीस काढू द्या. मी दिवसाच चालवतो. यार्डात आल्यावर किल्ली माझ्याच हातात होती. त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली खिशात टाकली.

"दिवसा काय होत नाय," ते म्हणाले.

"नाही मामा."

सकाळी मॅनेजरकडे जाऊन सांगितलं की याला मोतीबिंदू आहे, मी गाडी काढून घेतली आहे, त्याला ऑपरेशनसाठी रजा द्या. त्याने विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, मला काल कळलं. ते खरं होतं. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, तुमचे लोक. बिनपगारी रजा, डोळ्यांची टेस्ट पास होऊन आला तर ठीक, नाही तर खलास. मला त्याचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. पण मामांना एवढंच दिसलं की सकाळी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि दुपारी त्यांच्या हातात बिनपगारी रजा आली. आत मी काय बोललो आणि काय बोललो नाही, हे त्यांनी विचारलं नाही. आपण होऊन सांगायला गेलो असतो तर उपकार दाखवल्यासारखं झालं असतं.

मामांनी गावाकडे दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. परत आले, टेस्ट पास झाले, लायसन्स मिळालं. संध्याकाळची एअरपोर्ट ड्युटीसुद्धा घेतात आता. पोरगी पास झाल्याचे पेढे त्यांनी सगळ्या यार्डात वाटले. माझ्या टेबलावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "घ्या सर."

तेव्हापासून सरच.

पांढरी सेडान त्यांच्याकडेच आहे. तपासायला बसलो की मला सीट पुढे ओढावी लागते, आणि उतरताना मी ती आठवणीने मागे सारतो. खडू मी कधीच फेकून दिलाय. तरी सकाळी मामा गाडीपाशी येतात, दार उघडतात आणि बसायच्या आधी वाकून सीटखालच्या पट्टीकडे एकदा बघून घेतात. मी ऑफिसच्या खिडकीतून ते बघत असतो, आणि मी बघतोय हे त्यांना माहीत असतं.