लॉजवाल्यांनी बाहेर जावं

आमच्या फ्रीटाउनच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे ते थिऑफिलस कोकर. रविवारी सकाळी ते येशूचे आणि गुरुवारी संध्याकाळी फ्रीमेसन या गुप्त मंडळाच्या सभेचे, म्हणजे लॉजचे. लॉजमध्ये काय चालतं ते बायकोलाही सांगायचं नाही, अशी त्यांची शपथ होती. मोडुपेकाकू त्यावरून लग्न झाल्यापासून धुसफुसत होत्या.

नवे पाद्रीबाबा फार कडक. एका रविवारी उपदेश करताना ते म्हणाले, "दोन धन्यांची चाकरी चालणार नाही. लॉजवाल्यांनी आत्ताच बाहेर जावं."

कोकरांनी शांतपणे ऑर्गनचं झाकण लावलं आणि ते निघाले. त्यांच्यामागून घंटा वाजवणारा उठला, खजिनदार उठले आणि गाणाऱ्यांतले भरदार आवाजाचे सगळे पुरुष उठले. पाद्रीबाबांना आधी कल्पना देता आली असती, पण आम्हाला गंमत बघायची होती.

मग त्यांनी स्वतःच गीत धरलं, तेही इतक्या वरच्या पट्टीत की बायकांचेही आवाज चिरकले. तेवढ्यात बाहेरच्या आंब्याखालून तेच गीत खर्जात उठलं आणि खिडक्यांतून आत आलं.

पाद्रीबाबा दारात गेले. "या आत. पण कोकरसाहेब, ते गुपित तेवढं मला सांगा."

मोडुपेकाकू बाकावरूनच म्हणाल्या, "मी सांगते. ह्यांचा लॉजचा पांढरा एप्रन मीच धुते, त्यावर दर वेळी शेंगदाण्याच्या रश्शाचे डाग असतात. तिथला रस्सा माझ्या रश्शाहून चांगला होतो, हे सांगायची ह्यांची छाती नाही."

कोकर जरा घाईनंच ऑर्गनकडे गेले.