परकराचा काळा बेल्ट

आता तुम्ही म्हणाल, कराटेच्या क्लासात पहिल्याच दिवशी, एक लाथही न मारता, एखाद्याचं लग्न मोडायची वेळ कशी येईल? चहा घ्या, सांगतो. माझ्यावर आली होती.

सुनीताचं स्थळ. साताऱ्याची माणसं, वडील मार्केटात माथाडींचे मुकादम. सुनीताला मी पसंत होतो. पण मुकादमांनी मला ओली गोणी तपासावी तसं वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "पोरगं लईच ढिलं हाय. जरा आवळा, मग तारखेचं बघू."

बोला. माणूस काय खाट आहे, आवळायला?

तरी आमच्या कोपरखैरण्यात मैदानावर सकाळी कराटे चालायचं, तिथं नाव घातलं. ड्रेस मिळाला. पण सोबतचा पांढरा बेल्ट पोटाला वळसा घालून गाठीपर्यंत पोचेचना. आईनं काही टेन्शन घेतलं नाही. परकराचं काळं कापड उरलं होतं, त्याचा लांबलचक पट्टा मशीनवर शिवून दिला.

"पांढरा काय नि काळा काय, पँट पडली नाही म्हणजे झालं," म्हणाली.

मलाही पटलं. बेल्टच्या रंगाला काही अर्थ असतो, हे आमच्या खानदानात कुणाला ठाऊक?

मैदानात गेलो. सर अजून आले नव्हते. मला बघताच पोरांची अख्खी रांग कमरेत वाकली. म्हटलं, नवीन माणसाचं स्वागत असेल. मीही वाकलो. ती पुन्हा वाकली. मी घाम पुसायला हात वर केला, तर सगळ्यांचे हात वर. मी मान मोडली, तर रांगभर माना कडाकड.

जाड्या माणसाची इतकी चेष्टा? आपलं डोकंच सटकलं.

"काय रे, मस्करी करताय काय माझी?"

"ओस!" सगळे एका आवाजात.

कराटेत 'हो सर'ला 'ओस' म्हणतात, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी पेटलोच. "गप खाली बसा सगळे."

बसले हो. पाठ ताठ, हात मांडीवर.

आणि नेमके तेव्हाच मुकादम मैदानात. जावई खरंच आवळतोय का, ते बघायला. समोर पोरं चिडीचूप, मी एकटा उभा. त्यांनी कडेच्या पोराला विचारलं, "ह्यो हितं कोन हाय?"

"नवीन सर. ब्लॅक बेल्ट आहेत."

मुकादमांची छाती माझ्यापेक्षा जास्त फुगली. "पावनं, एवढी मोठी इद्या, आन् गप ऱ्हायला व्हय? एक कवल फोडून दावा."

कौलं तिथंच रचलेली, फोडायच्या सरावासाठी. कुणीतरी तत्परतेनं एक कौल दोन विटांवर ठेवलंसुद्धा. खरं सांगायला तोंड उघडलं, पण मला समोर लग्नाची तारीख दिसत होती. डोळे मिटले आणि हात हाणला.

कौल जागच्या जागी. मी मात्र हात काखेत दाबून गोल गोल फिरतोय. तेवढ्यात खरे सर आले. माझा बेल्ट बघून अदबीनं म्हणाले, "आपण? बेल्ट कुणाकडून मिळाला?"

"आईकडून."

सर वाकलेच. "मातोश्री शिकवतात?"

"नाही हो. मशीनवर शिवलाय. परकराचं कापड आहे."

मुकादमांनी माझ्यादेखतच विचारलं, "मास्तर, खरं सांगा. ह्येच्यानं कवल कधी फुटंल का?"

सरांनी मला नीट न्याहाळलं. "मारून अवघड आहे, काका. बसला तर आत्ता फुटेल."

मुकादम असे हसले की उपरण्यानं डोळे पुसायला लागले. "इचारल्यावर पोरगं खरं बोललं, तेवढं बास. तारीख काढा."

झालं लग्न. पण आजही सासुरवाडीच्या दारात पाय ठेवला की सासऱ्यांची हाक आधी आत जाते: "जावई आल्यात. पलास्टिकची खुर्ची उचला, लोखंडी आना."