ओढणीवाली

बदनापूरजवळ सरकीनं भरलेला ट्रक रस्त्याखाली उतरून रुतला होता. आमची सून क्रेन घेऊन पोचली, मी सोबतीला. तिचं हे पहिलंच काम. ट्रक निघाला न्हाई तर परत कोण बोलावणार?

डायव्हर म्हणला, "आजी, ही ओढणीवाली काय ओढणार?"

म्या म्हणलं, "बाबा, ओढती म्हणूनच ओढणीवाली म्हणतेत!"

भवती जमलेले सगळे हसले, सून न्हाई. ती बराबर चाकांशी वाकली. ब्रेकची हवा निघून गेल्ती, म्हणून चाकं जाम. तिनं आधी क्रेनमधली हवा ट्रकला देऊन चाकं मोकळी केली, मंग तारेचा दोर ताणला. माझा जीव मुठीत. ट्रक करकरला, हलला अन् सरकीसकट डांबरावर चढला! डायव्हरनंच जोरात शिट्टी मारली. मीबी मारली, तोंडात दात नसतानाबी.